पट्टी इथे, आवाज तिथे

आपल्या मंडळाच्या भजनी वर्गात गेल्या वर्षापासून जुन्या पेटीच्या जोडीला विजेवर चालणारा डिजिटल ऑर्गन आला आहे, हे आपणां सर्व भगिनींस ठाऊक आहेच. तो आला त्या दिवसापासून वर्गात दोन पक्ष पडले. एक पक्ष म्हणतो, सोय झाली. दुसरा म्हणतो, हा आवाज खरा नव्हे, उसना आहे. पुढे त्या ऑर्गनला वायर जोडून दुसऱ्याच यंत्रातून आवाज काढण्यात आला, तेव्हा तर दुसऱ्या पक्षाच्या भगिनी म्हणाल्या, "वाजवायचे एकीकडे आणि वाजायचे दुसरीकडे! याला काय वाजविणे म्हणायचे?" स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा असा संपादिकाबाईंचा निरोप आला, तेव्हा दरवर्षीप्रमाणे लोणच्यावर लिहिण्यापेक्षा या प्रश्नाचा मागोवा घ्यावा असे ठरविले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इतिहासाचा भाग वाचनालयातील पुस्तकांतून जमविला आणि विजेचा भाग माझ्या भाच्याकडून दोनदोनदा समजून घेतला. तो हळदीच्या पार्ट्यांत आणि ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवितो. त्या ऑक्टोपॅडचीही गोष्ट पुढे येणारच आहे.

प्रथम ऑर्गन म्हणजे काय ते पाहू. ऑर्गन हे मुळात वाऱ्याचे वाद्य आहे. बासरीत फुंकणारा आणि बोटे फिरविणारा माणूस एकच असतो. ऑर्गनमध्ये तसे नाही. युरोपातील मोठ्या देवळांत, म्हणजे चर्चमध्ये, शेकडो नळ्या भिंतीशी उभ्या असतात. खाली भाते असतात आणि ते हलविण्यासाठी निराळी माणसे ठेवलेली असत. वाजविणारा फक्त पट्टी दाबतो. पट्टीपासून लाकडी काड्या आणि तारा निघतात, त्या दूरवरच्या नळीचे झाकण उघडतात आणि मग तिकडे सूर निघतो. म्हणजे ऑर्गन वाजविणाऱ्याच्या बोटाखाली आवाज कधीच नव्हता. आवाज नळीत, वारा भात्यात आणि बोटाकडे फक्त हुकूम, अशी वाटणी पहिल्यापासूनच झालेली आहे.

हे वाद्य आपल्या मुलखात पोर्तुगीजांच्या मागून आले. गोव्याहून हाजी हबीबुल्ला नावाच्या माणसाने १५८१च्या सुमारास एक ऑर्गन अकबर बादशहाच्या दरबारी नेला. बदायुनी या इतिहासकाराने त्याचे वर्णन लिहून ठेवले आहे. माणसाएवढी मोठी पेटी, आत बसून वाजविणारा एक फिरंगी, आणि बाहेर आणखी दोघेजण. ते ऐकून दरबारी लोक थक्क झाले. मला यात मौज वाटते ती अशी की, एका सुरासाठी तिघेजण राबत होते आणि ते कोणालाही खोटे वाटले नाही.

तीन माणसांचे काम एका माणसावर आले ते पेटीमुळे. पॅरिस शहरी आलेक्सांद्र देबें नावाच्या कारागिराने १८४२ साली 'हार्मोनियम' या नावाचे पेटंट घेतले. नळ्यांच्या जागी पितळेच्या लहान पात्या, ज्यांना आपण पेटीचे सूर म्हणतो, आणि भाता पायाने दाबायचा. टेबलाएवढे हे वाद्य मिशनऱ्यांबरोबर आणि साहेबांबरोबर हिंदुस्थानात आले. पण आपले गाणे बैठकीचे. गाणारा जमिनीवर मांडी घालून बसणार आणि साथ करणारा खुर्चीवर पाय हलवीत बसणार, हे जमेना. तेव्हा कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी, ज्यांची 'द्वारकिन' ही पेढी प्रसिद्ध आहे, १८८४च्या सुमारास हाताने भाता मारण्याची पेटी तयार केली. भाता मागच्या बाजूला, तो डाव्या हाताने हलवायचा, उजव्या हाताने वाजवायचे. पेटी उचलून कोठेही नेता येऊ लागली आणि बघता बघता देशभर पसरली.

मात्र यात डाव्या हाताच्या वाट्याला भाताच आला. जात्यावर बसणाऱ्या बाईचा एक हात खुंट्यावर आणि एक हात घास घालायला, तसे हे झाले. आपल्या घराघरांत, भजनांत, शाळांच्या प्रार्थनेत गेली सव्वाशे वर्षे जी पेटी वाजते आहे ती एका हाताने वाजते आहे. दुसरा हात तिला श्वास पुरवितो.

दोन्ही हात मोकळे असलेले वाद्य आपल्याकडे वाजले ते नाटकांत. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतल'चा पहिला प्रयोग पुण्यास ३१ ऑक्टोबर १८८० रोजी झाला आणि तेथून मराठी संगीत रंगभूमीचा संसार मांडला गेला. पुढे 'मानापमान' १९११ साली रंगभूमीवर आले. त्याच्या चाली गोविंदराव टेंबे यांनी दिल्या, आणि गोविंदराव हे स्वतः नाणावलेले पेटीवादक होते. म्हणजे मराठी माणसाच्या तोंडी बसलेल्या कित्येक चाली पेटीवाल्याच्या बोटांतून आलेल्या आहेत. १९१३ साली बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. या मंडळीच्या वैभवाच्या काळात स्टेजसमोर ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे, सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर अहमदजान थिरकवा असा साज बसे. नुसती नावे वाचली तरी मन भरून येते.

हा ऑर्गन पायाने चालविण्याचा, परदेशी बनावटीचा असे. पेटीत भाता वारा बाहेर ढकलतो. अमेरिकन पद्धतीच्या ऑर्गनमध्ये वारा आत ओढला जातो, आणि म्हणून त्याचा आवाज मऊ व भरीव लागतो. पायाने भाता, दोन्ही हातांनी वाजविणे, आणि समोर ओळीने खुंट्या. एक खुंटी ओढली की एक थर वाजतो, दुसरी ओढली की दुसरा. असे ऑर्गन करणारी अमेरिकेतील एस्टी ही मोठी कंपनी व्हरमाँट राज्यात होती. तिने पाच लाखांहून अधिक ऑर्गन केले आणि १९६०च्या सुमारास तिची दारे बंद झाली. नवे येणे थांबले, जुन्यांना वाळवी लागली, कातडी भाते फाटले. आज नाट्यसंगीताच्या कार्यक्रमात खरा पायाचा ऑर्गन दिसला तर म्हातारी माणसे त्याच्याकडे गावाहून आलेल्या आत्याकडे पाहावे तशी पाहतात.

येथे 'कपलर'विषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण सगळ्या प्रकरणाची किल्ली तेथेच आहे. चांगल्या पेटीला एक खटका असतो. तो ओढून खालची पट्टी दाबली की वरच्या सप्तकातील त्याच नावाची पट्टी आपोआप खाली जाते. आपण एकीला बोट लावतो आणि दोघी बोलतात. दुसऱ्या पट्टीला कोणाचे बोट लागलेले नसते. तिला आतल्या तारेने सांगावा पोचलेला असतो. आपल्या वर्गातील जुन्या पेटीला कपलर आहे आणि तो ओढून कित्येक वर्षे आरत्या म्हटल्या गेल्या. त्याला उसना आवाज असे कोणी म्हटल्याचे मी ऐकले नाही.

खऱ्याखोट्याचा वाद मात्र पेटीला तेव्हाही चुकला नाही. १ मार्च १९४० पासून आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली. कारण असे की पेटीत सप्तकाचे बारा सूर पक्के ठोकलेले असतात. आपल्या संगीतातील श्रुती त्यांत बसत नाहीत आणि एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड पेटीवर निघत नाही. रवींद्रनाथ ठाकुरांचेही मत पेटीच्या विरुद्धच होते. स्वातंत्र्यानंतर आपलेच मराठी गृहस्थ बाळकृष्ण केसकर १९५२ ते १९६२ पर्यंत माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री होते, त्यांच्याही कारकिर्दीत बंदी उठली नाही. ती सैल झाली १९७१ साली. तीस वर्षे रेडिओवर जी खोटी ठरली ती पेटी त्याच तीस वर्षांत प्रत्येक देवळात वाजत होती, हे विसरता कामा नये. आक्षेप खोटा होता असे मात्र नाही. आपल्या जवळचे, ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनी त्यावर उत्तर म्हणून बावीस श्रुतींची पेटी केली. तिच्यात पट्टीच्या जोडीला लहान खुंट्या आहेत आणि राग पाहून त्या सुराची योग्य श्रुती निवडता येते. टीकेवर रागावून बसण्यापेक्षा असे काही करून दाखविणे मला फार मोलाचे वाटते.

आता विजेकडे वळू. आपण कोपरची माणसे, आगगाडीच्या रुळांशेजारी राहणारी. खालून मुख्य मार्ग, वरून वसई-दिवा मार्ग. पूर्वीच्या काळी रेल्वेच्या केबिनमधील माणूस खटका ओढी आणि रुळांच्या कडेने गेलेल्या तारेमुळे दूरच्या खांबावरचा सिग्नलचा हात खाली पडे. पुढे तारेची ओढाताण गेली, विजेचे दिवे आले. केबिनमधून सिग्नलपर्यंत हात जात नाही आणि दिवाही जात नाही. जातो तो फक्त हुकूम. ऑर्गनचेही अगदी असेच झाले. इंग्लंडात रॉबर्ट होप-जोन्स नावाचे गृहस्थ टेलिफोन कंपनीत विजेचे काम पाहात. त्यांनी १८८०नंतरच्या दशकात बर्कनहेड येथील एका चर्चच्या ऑर्गनला लाकडी काड्यांऐवजी विजेच्या तारा जोडल्या आणि पट्ट्यांचे टेबल नळ्यांपासून दूर हलविता येईल असे केले. टेलिफोनची युक्ती ऑर्गनला लागू पडली. वाजविणारा अंगणात आणि आवाज देवळात, असे शंभर वर्षांहून आधीच घडलेले आहे.

त्यानंतर नळ्याच गेल्या. १९३५ साली अमेरिकेत लॉरेन्स हॅमंड यांचा विजेचा ऑर्गन विक्रीस आला. हॅमंड हे मूळचे घड्याळे करणारे. त्यांच्या ऑर्गनमध्ये दाते असलेली लहान चाके फिरत आणि त्यांतून सूर उत्पन्न होई. आणि १९७१ साली ॲलन या अमेरिकन कंपनीने पहिला डिजिटल ऑर्गन बाजारात आणला. डिजिटल म्हणजे आकड्यांचा. खऱ्या नळीच्या आवाजाचे माप घेऊन ते आकड्यांच्या रूपाने यंत्रात साठवायचे आणि पट्टी दाबली की त्या आकड्यांवरून पुन्हा आवाज घडवायचा. आपल्याकडील ऑर्गन त्याच जातीचा आहे, फक्त लहान आणि स्वस्त.

आता अडचण अशी झाली की प्रत्येक कंपनीचे यंत्र आपलीच भाषा बोले. एका कंपनीच्या पट्ट्यांवरून दुसऱ्या कंपनीचा आवाज वाजविता येत नसे. मुंबईतील एक उदाहरण देते. चित्रपटांच्या संगीतात वाजविणारे चरणजितसिंग यांनी १९८२ साली दहा राग यंत्रांच्या ठेक्यावर वाजवून त्यांची तबकडी केली. त्यांच्यापाशी तीन यंत्रे होती, सुरांचे ज्युपिटर-८, खालच्या सुरांचे टीबी-३०३ आणि ठेक्याचे टीआर-८०८. तिन्ही रोलंड या एकाच जपानी कंपनीची, म्हणून ती एकमेकांशी ताल जुळवून चालली. वेगवेगळ्या कंपन्यांची असती तर नसती चालली. त्या तबकडीकडे तेव्हा फारसे कोणी पाहिले नाही. २०१० साली ती परदेशात पुन्हा निघाली आणि जगभर तिचे कौतुक झाले. चरणजितसिंग २०१५ साली मुंबईत वारले. निदान ते कौतुक त्यांना पाहावयास मिळाले, हे बरे झाले.

या रोलंड कंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांची हकिकत ऐकण्यासारखी आहे. जन्म १९३०, ओसाका. लहानपणीच आईबाप गेले. सोळाव्या वर्षी घड्याळदुरुस्तीचे दुकान घातले. विशीत क्षयाने गाठले, कित्येक वर्षे इस्पितळात काढली, आणि स्ट्रेप्टोमायसिन हे त्या काळी नवे असलेले औषध मिळाले म्हणून वाचले. पुढे त्यांनी विजेचे ऑर्गन केले आणि १९७२ साली रोलंड कंपनी काढली. हॅमंड घड्याळवाले, हेही घड्याळवाले. बारीक दात्यांची सवय असलेल्या माणसांकडूनच हे काम व्हावे, यात मला नवल वाटत नाही.

काकेहाशी यांचे म्हणणे असे पडले की सर्व कंपन्यांच्या वाद्यांनी एकच भाषा बोलावी. अमेरिकेतील डेव्ह स्मिथ हे सिक्वेन्शियल सर्किट्स या कंपनीचे मालक. त्यांनी १९८१ साली अशा भाषेचा आराखडा मांडला. जपानी कंपन्या आणि स्मिथ यांचा पत्रव्यवहार झाला, वाद झाले, सुधारणा झाल्या. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतील वाद्यांच्या प्रदर्शनात स्मिथ यांचे प्रॉफेट-६०० आणि रोलंडचे ज्युपिटर-६ ही दोन वाद्ये एका वायरने जोडली. एकाच्या पट्ट्या दाबल्या आणि दुसरे वाजले. त्या भाषेचे नाव मिडी. म्युझिकल इन्स्ट्रुमेंट डिजिटल इंटरफेस या लांबलचक नावाची ती आद्याक्षरे. यातील सर्वांत थोर गोष्ट मला ही वाटते की दोघांनीही या भाषेचा एक पैसाही मोबदला घेतला नाही. ज्याला पाहिजे त्याने वापरावी. आपली चकलीची भाजणी शेजारणीला न सांगणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिते. २०१३ साली दोघांना मिळून ग्रॅमी संस्थेचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. काकेहाशी २०१७ साली आणि स्मिथ २०२२ साली निवर्तले.

मिडीच्या वायरमधून आवाज जात नाही, ही गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. कान लावला तर काहीच ऐकू येणार नाही. त्यातून पोस्टकार्डे जातात. प्रत्येक कार्डावर तीन गोष्टी लिहिलेल्या असतात. कोणत्या घरी द्यायचे, कोणती पट्टी, आणि किती जोराने दाबली. घरे सोळा, म्हणजे एका वायरवर सोळा निरनिराळी वाद्ये ऐकत बसू शकतात आणि प्रत्येक जण आपल्या नावाचे कार्ड तेवढे उचलतो. पट्ट्यांना शून्यापासून १२७ पर्यंत आकडे. मधल्या सप्तकाची पांढरी एक म्हणजे ६०, तिच्या शेजारची काळी एक म्हणजे ६१. बोट उचलले की 'थांब' असे आणखी एक कार्ड. एक कार्ड पोचायला सेकंदाचा हजारावा भाग लागतो.

आकडे आल्यामुळे गंमत कशी झाली पाहा. पुरुषांच्या भजनाची चाल काळी एकमध्ये बसविलेली असते. आपल्या बायकांना ती पट्टी सोसत नाही, आपल्याला काळी चार लागते. पूर्वी वाजविणारीला सगळी बोटे नव्याने बसवावी लागत, किंवा महागडी स्केलचेंजर पेटी घ्यावी लागे. आता यंत्र प्रत्येक आकड्यात सात मिळविते आणि तिची बोटे जेथल्या तेथे राहतात. बेरीज इतकी कामाची असेल असे शाळेत कोणी सांगितले नव्हते.

वायरीच्या टोकाला पाच काड्यांचे गोल बूच असते. जुन्या टेपरेकॉर्डरला असे ते तसेच. पाचांपैकी तीनच काड्या कामाच्या असतात. आणखी एक शहाणपण त्यात केलेले आहे. घेणाऱ्या यंत्राच्या तोंडाशी एक लहानसा दिवा असतो. वायरीतून आलेल्या हुकुमाने तो लागतो व विझतो, आणि समोरचा डोळा तेवढे पाहून आत सांगतो. दोन यंत्रांत विजेचा सरळ संबंध येतच नाही, त्यामुळे घुरघुर होत नाही.

१९९१ साली कंपन्यांनी आणखी एक यादी ठरविली. १२८ आवाजांना क्रमांक दिले, म्हणजे कोणत्याही यंत्रात अमुक क्रमांक मागितला की अमुकच वाद्य मिळावे. या यादीत १०५वर सतार आहे आणि ११२वर आपली सनई. परंतु तबला नाही, आणि पेटी या नावाने पेटीही नाही. २१वर 'रीड ऑर्गन' आहे, त्यावर भागवून घ्यायचे. उलट १२५वर टेलिफोनची घंटी, १२६वर हेलिकॉप्टर आणि १२८वर बंदुकीचा बार आहे! यादी करणाऱ्यांच्या घरी कोणी भजन करीत नसावे.

आता ऑक्टोपॅडविषयी. आमच्या कोपर-डोंबिवली-दिव्याकडे हळदीला बेंजो पार्टी असते आणि तिच्यात आठ चौकोनांचा ऑक्टोपॅड असतोच असतो. काठीने मारले की कधी ढोलकी, कधी झांज, कधी काच फुटल्यासारखा आवाज. १९८५ साली रोलंडने जो पहिला ऑक्टोपॅड काढला त्यात स्वतःचा एकही आवाज नव्हता. तो फक्त मिडीचे हुकूम धाडी. आवाज दुसऱ्या पेटाऱ्यातून निघे. पुढच्या ऑक्टोपॅडमध्ये आवाज आतच घातले गेले. म्हणजे ज्याच्या तालावर आपण लेकीसुनांच्या हळदीला नाचलो तो मूळचा मुका होता. आमच्या आगरी लग्नांत धवलारीण बाई धवले गाते, तिच्या नुसत्या गळ्यावर सगळे विधी होतात. तिला मात्र अजून कोणत्याही यादीत क्रमांक मिळालेला नाही, आणि मिळू नये.

याची दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. मुंबईच्या चित्रपटांच्या स्टुडिओंत पूर्वी एका गाण्याला साठ-सत्तर, कधी शंभर वादक एकत्र बसत. त्यांत गोव्याचे वादक पुष्कळ, कारण गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवीत. १९९०नंतरच्या काळात पट्ट्यांचे एक यंत्र, मिडीची वायर आणि संगणक एवढ्यावर एकच माणूस शंभरांचा आवाज काढू लागला, आणि या वादकांचे काम सुटत गेले. ज्यांच्या हातांचे आवाज माप घेऊन यंत्रात भरले त्यांचेच हात रिकामे झाले. भाच्याने मला मिडीचे गुण सांगितले तेव्हा मी त्याला हे विचारले. तो म्हणाला, "मावशी, ऑर्केस्ट्रात पूर्वी पंधरा जण होते, आता आम्ही पाच आहोत." पुढे तो काही बोलला नाही.

म्हणून सोय आणि नुकसान यांचा हिशेब कोणासाठी सोय आणि कोणाचे नुकसान, असा मांडावा लागतो. आमच्या भजनी वर्गापुरता तो मी मांडते. आमच्या पेटीवाल्या काकू गेली तीस वर्षे पेटी वाजवितात. त्यांनी ही विद्या भावाची शिकवणी दाराआडून ऐकून घेतली, कारण त्यांच्या लहानपणी मुलीने पेटीला हात लावणे घरी चालत नसे. दोन वर्षांपूर्वी त्यांचा डावा खांदा आखडला. भाता मारता येईना. पहिले काही महिने कोणीतरी शेजारी बसून भाता मारी, पण श्वास एकीचा आणि बोटे दुसरीची, ते जमेना. तिसऱ्या महिन्यापासून काकू वर्गाला यायच्याच बंद झाल्या. वर्ग चालू राहिला, मोबाईलवर सूर लावून. तो सूर कसा असे ते ज्यांनी ऐकले त्यांना सांगावयास नको.

मग एका कुटुंबाने हा डिजिटल ऑर्गन मंडळाला दिला. भाता नाही, म्हणून काकू आल्या. पण त्यातील 'रीड ऑर्गन' वाजवून त्यांनी तोंड वाकडे केले. आवाज काचेसारखा, अंगावर येणारा. त्यावर भाच्याने उपाय काढला. आमची जुनी पेटी मंडळाच्या कपाटात होतीच. एका दुपारी पंखे बंद करून, खिडक्या लावून, मी भाता मारला आणि काकूंनी एकेक पट्टी दाबून धरली. हळू, मध्यम आणि जोरात, असे प्रत्येक सुराचे तीन वेळा ध्वनिमुद्रण झाले. ते सगळे त्याने लॅपटॉपात भरले. ऑर्गनच्या पाठीमागे 'आउट' असे लिहिलेल्या भोकात मिडीची वायर, तिचे दुसरे टोक एका लहान डबीत, डबी लॅपटॉपाला, आणि लॅपटॉपातून आवाज स्पीकरला. ऑर्गनमध्ये 'लोकल' नावाची एक सोय असते, ती बंद केली. ती बंद केली नाही तर ऑर्गनचा स्वतःचा आवाज आणि बाहेरचा आवाज दोन्ही वाजतात, सासू-सून एकदम बोलल्यासारखे. लोकल बंद म्हटल्यावर आम्ही कोपरच्या बायका दचकलोच, पण ही लोकल निराळी.

पहिल्या दिवशी आवाज बोटामागून येई, कारण स्पीकर बिनवायरचा होता. त्यात आवाज पोचायला उशीर लागतो. वायरचा स्पीकर लावल्यावर तो उशीर गेला. दुसरी अडचण श्वासाची. पेटीवर भाता मारता मारता काकू सूर फुगवीत आणि ओसरू देत, अभंगाचा शेवट त्या नुसत्या भात्यावर विझवीत. पट्टी किती जोराने दाबली एवढे मिडीला कळते, पण दाबून धरल्यानंतर सुराचे पुढे काय करावयाचे ते तिला निराळे सांगावे लागते. त्यासाठी पायाखाली एक पावडी जोडतात. ती जितकी दाबावी तितका ११ नंबरचा हुकूम वाढत जातो आणि सूर चढतो, सोडली की उतरतो. काकूंचा उजवा पाय आता भाता झाला आहे. हे शिकायला त्यांना दीड महिना लागला. डावा हात मांडीवर मोकळा असतो, आणि अलीकडे तो हळूच खालच्या सप्तकात षड्ज धरून ठेवतो. बालगंधर्वांपुढे वाजणाऱ्या ऑर्गनवर दोन्ही हात असत, तसेच.

जुन्या पेटीतील मंद्र सप्तकाचा एक सूर किंचित घरघरतो. भाचा म्हणाला, तो यंत्रात सरळ करता येईल. काकू म्हणाल्या, राहू दे, तो तेथे आहे म्हणून मला जागा सापडते. तो राहिला आहे. पेटीही विकलेली नाही. वीज गेली की तीच बाहेर काढतो आणि भात्याला एकजण बसते.

भजनी वर्ग दर मंगळवारी दुपारी साडेतीनला असतो. ज्या भगिनींना हा ऑर्गन हाताळून पाहायचा असेल त्यांनी थोडे आधी, तीनच्या सुमारास यावे. काकू तेव्हा वायरी जोडीत असतात. त्या वायरी त्या आता स्वतःच जोडतात.